ग्रीक 'ड्राक्मा'चा मूळ अर्थ नक्की काय? आणि आपला 'दाम' त्यातूनच आलाय का?

सह्यकडा

नमस्कार मंडळी, सध्या सॉक्रेटिस आणि त्या काळातल्या अथेन्सवर वाचन चालू आहे आणि त्यात पानोपानी ड्राक्मा येतोय. कुठे कारागिराची दिवसाची मजुरी एक ड्राक्मा, कुठे पन्नास ड्राक्मा फी असलेलं व्याख्यान, कुठे दंडाची रक्कम. चांदीचं नाणं होतं एवढं कळलं. पण एका ठिकाणी असं वाचलं की शब्दाचा मूळ अर्थ 'मूठभर' असा आहे, आणि ती मूठ कशाची तर लोखंडी सळयांची, मांस भाजायच्या! नाण्याचा आणि सळयांचा काय संबंध? हे कोणीतरी मागाहून रचलेलं वाटतं, शब्दांच्या असल्या गोष्टी नेटवर ढिगाने फिरत असतात म्हणून विश्वास बसत नाहीये. दुसरं म्हणजे त्याच लेखात ओझरता उल्लेख होता की हिंदी-मराठीतला 'दाम' याच शब्दावरून आला. आपण 'रोख दाम', 'दामदुप्पट', 'दाम करी काम' असं इतकं सहज बोलतो की तो शब्द बाहेरचा असेल असं मनातच येत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं, घाई नाही, लांबलचक लिहिलंत तरी वाचेन.

जुनीनाणी

प्रश्न आवडला, आणि सळयांची गोष्ट रचलेली नाही, त्यामागे भक्कम पुरावा आहे. जरा विस्ताराने लिहितो.

आधी उच्चार. आपण इंग्रजीच्या वाटेने ड्राक्मा म्हणतो, पण जुन्या ग्रीकमध्ये तो साधारण 'द्रख्मे' असा होता, आपल्या द आणि ख ने अगदी बरोबर लिहिता येतो. मुळात क्रियापद आहे 'द्रस्सोमाइ', म्हणजे मुठीत धरणे, घट्ट पकडणे. त्याच कुळातला 'द्रग्मा' म्हणजे कापणी करताना डाव्या हातात मावते ती पिकाची मूठ. होमरच्या इलियडमध्ये अकिलीसच्या ढालीवर शेताचं चित्र आहे, त्यात विळा चालतोय आणि द्रग्मा एकामागून एक जमिनीवर पडतायत, मागून पेंढ्या बांधणारे येतायत. तिथे पैशाचा काही विषयच नाही. होमरच्या जगात नाणं नाहीच, किंमत सांगायची तर बैलांत सांगतात, सोन्याचं चिलखत शंभर बैलांचं आणि काशाचं नऊ बैलांचं. म्हणजे 'मूठ' हा अर्थ आधीपासून शेतात होता.

आता सळया. एक द्रख्मे म्हणजे सहा ओबोल, हे तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. हा ओबोल (ग्रीक 'ओबोलोस') म्हणजे 'ओबेलोस'चंच दुसरं रूप, आणि ओबेलोस म्हणजे मांस भाजायची सळई, शीग. सहा शिगा = एक मूठ. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लायसँडर या स्पार्टाच्या सेनापतीच्या चरित्रात हेच लिहून ठेवलंय, की पूर्वी लोक लोखंडी सळया नाण्यासारख्या वापरत, म्हणून छोट्या नाण्यांना अजून ओबोल म्हणतात आणि सहांचा एक द्रख्मे, कारण हातात तेवढ्याच मावत. तुम्ही इजिप्तचे ते उंच दगडी स्तंभ पाहिले असतील फोटोत, ओबेलिस्क, ते नावही ग्रीक लोकांनीच दिलेलं, अर्थ 'छोटी सळई'! एवढ्या थोरल्या दगडाला स्वयंपाकाच्या वस्तूचं नाव दिलं त्यांनी.

आता तुमची शंका, की हे नंतर जुळवलेलं असेल का. प्लुटार्क पहिल्या-दुसऱ्या शतकातला, म्हणजे त्या काळापासून सात-आठशे वर्षं दूर, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबता आलं नसतं. पण जमिनीतून सळयाच निघाल्या ना! ग्रीसमधल्या अर्गोस शहराजवळ हेरा देवीचं मोठं देवस्थान आहे, तिथे १८९० च्या दशकात अमेरिकन उत्खनन झालं, वाल्डस्टाइन नावाचे प्रमुख होते, त्यात लोखंडी सळयांचा एक अख्खा जुडगा सापडला, गंजून एकमेकींना चिकटलेला. सव्वा मीटरच्या आसपास लांबीच्या सळया. अथेन्सच्या नाणे-संग्रहालयात आहे आज तो. स्वोरोनोस नावाच्या ग्रीक नाणेतज्ज्ञाने तो ओळखला आणि म्हणाला, हेच ते जुनं चलन, देवीला अर्पण केलेलं. त्याला जोड होती एका जुन्या कथेची, की अर्गोसचा राजा फेइडोन याने नाणी पाडली तेव्हा जुन्या सळया गोळा करून हेराला वाहिल्या. कथेतल्या फेइडोनवर मी फार भर देणार नाही कारण तो आणि एजायना बेटावरची कासवाच्या छापाची पहिली नाणी यांचा काळ नीट जुळत नाही. जुडगा मात्र खरा आहे.

आणि त्यानंतर १९५० च्या दशकात अर्गोसमध्येच फ्रेंच पुरातत्त्वज्ञ कुर्बँ यांना एका योद्ध्याची कबर सापडली, आठव्या शतकाच्या (इ.स.पू. अर्थातच) शेवटची. त्यात काशाचं चिलखत आणि शिरस्त्राण, चुलीपाशी लाकडं टेकवायच्या जहाजाच्या आकाराच्या लोखंडी घोड्या, आणि लोखंडी सळया. किती? बारा. म्हणजे दोन मुठी. हे नाणी यायच्या कितीतरी आधीचं.

रानपाखरू

जुनीनाणी, माहिती झकास, पण एका मुद्द्यावर थोडं अडतं. सळया कबरीत आहेत, देवळात आहेत, कबूल. पण त्या 'चलन' होत्या हे कशावरून? बाजारात जाऊन दोन सळया देऊन तेल घेतलं असं कुठे दिसत नाही. मला तर त्या कबरीतल्या सामानावरून वाटतं की हा मेजवानीचा सरंजाम आहे. बैल कापायचा, देवाचा भाग काढायचा, उरलेलं सळयांवर भाजून पंगतीत वाटायचं, आणि हे करू शकतो तो मोठा माणूस. म्हणून त्याच्याबरोबर चिलखत, चुलीचं सामान आणि सळया पुरल्या. सायप्रसमध्येही सालामिसच्या थोरामोठ्यांच्या कबरीत अशाच सळया आणि तशाच घोड्या मिळाल्यात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने रोदोपिसची गोष्ट सांगितलीय, ती इजिप्तमधली प्रसिद्ध गणिका, तिने कमाईचा दहावा हिस्सा खर्चून बैल भाजता येतील एवढ्या लोखंडी सळया करवल्या आणि डेल्फीच्या देवस्थानाला पाठवल्या, त्याच्या काळात त्या तिथे ढिगाने पडलेल्या होत्या. तिने सळया 'करवून घेतल्या', म्हणजे तिच्याकडचा पैसा सळयांत नव्हता, अर्पण सळयांचं होतं. तेव्हा सळई = प्रतिष्ठेची वस्तू असं म्हणणं जास्त सुरक्षित नाही का?

जुनीनाणी

रानपाखरू, आक्षेप रास्त आहे आणि अभ्यासकांतही यावर वाद आहेच. बाजारातलं सुटं चलन म्हणून सळया फिरत होत्या असं मीही म्हणणार नाही. पण मला दोन्हीत तेवढा विरोध दिसत नाही. ज्या वस्तूला सगळे मान देतात, जी टिकते, जी मोजता येते, तिच्यातच देणंघेणं आणि दंड मोजायला सुरुवात होते. होमरचे बैल घ्या, कोणी शंभर बैल हाकत चिलखत विकत घ्यायला जात नव्हतं, बैल हे माप होतं. तसंच सळयांचं. लोखंड त्या काळात स्वस्त नव्हतं, सळई सगळ्यांना ठाऊक असलेल्या मापाची, आणि सहांची मूठ बांधली की मोजायला सोपं. मग चांदी आली तेव्हा मोजायची नावं तीच राहिली, फक्त वजन बदललं.

तुम्ही सायप्रसचा विषय काढलात म्हणून सांगतो, तिथेच जुन्या पाफोसजवळच्या एका कबरीत काशाच्या सळया सापडल्या आणि त्यातल्या एकीवर सायप्रसच्या अक्षरांत 'ओफेल्तास'चं नाव आहे, 'ओफेल्तासची' अशा अर्थाचं. सायप्रसमधला ग्रीक भाषेचा हा सगळ्यात जुना लेख मानतात. एका माणसाने स्वतःच्या सळईवर नाव घातलं, एवढी ती मोलाची होती. मला तरी हे वाचून फार बरं वाटतं, राजाची प्रशस्ती नाही, देवाची स्तुती नाही, ही सळई माझी!

शब्दाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. अथेन्समध्ये द्रख्मे, पण अर्कादियासारख्या आतल्या डोंगराळ मुलखात 'दर्ख्मा' असं रूप कोरीव लेखांत येतं. र चं असं इकडेतिकडे होणं हे ग्रीकमध्ये जुन्या शब्दांत दिसतं, म्हणजे तो ऐनवेळी घडवलेला नाही, बोलींमध्ये फाटे फुटण्याइतका जुना आहे.

मावळतीचा_वारा

एक विचारू का, ड्राक्मासारखाच 'द्रम्म' हा नाण्याचा शब्द संस्कृतमध्येही आहे ना? संस्कृतात द्रम् धातू आहे (धावणे), शिवाय द्रव्य, द्रविण हे धनवाचक शब्द आहेतच. मग ग्रीकांनीच आपल्याकडून घेतला नसेल कशावरून? पैसा धावतो म्हणून द्रम्म, अर्थ तर छान बसतो.

लिपीवेडी

मावळतीचा_वारा, अर्थ बसतोय हे खरं पण शब्दाचा प्रवास ठरवताना अर्थाआधी काळ बघावा लागतो. ग्रीसमध्ये हा शब्द इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकापासून लेखांमध्ये आहे, त्याच्याभोवती त्याचं सगं कुटुंब आहे (धरणे, मूठ, सहा सळया), जे जुनीनाणी यांनी वर सांगितलं. आपल्याकडे वेदांत, ब्राह्मणग्रंथांत निष्क, शतमान, हिरण्य ही धनाची नावं येतात, पाणिनीकडे कार्षापण हे नाणं आहे, द्रम्म कुठेच नाही. तो खूप उशिरा डोकावतो. आणि द्रव्य, द्रविण हे आपले स्वतःचेच शब्द, त्यांना द्रम्मची गरज नाही.

आता दामकडे येते, कारण हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण मधली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लोकांना वाटतं यवन (म्हणजे इथे ग्रीक) राजे आले, त्यांनी ड्राक्मा आणला, त्याचा दाम झाला, संपलं. इतकं सरळ नाही. यवन राजांची चांदीची नाणी आपल्याकडे खेळत होती यात शंका नाही. पेरिप्लस नावाचं ग्रीक भाषेतलं खलाशी-व्यापाऱ्यांचं पुस्तक आहे, पहिल्या शतकातलं, ज्यात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात, त्यात लिहिलंय की भरुचच्या बाजारात अपोलोदोतस आणि मिनँडर यांचे ग्रीक अक्षरांचे जुने द्रख्मे अजून चालतात. मिनँडर म्हणजे आपला मिलिंद राजा! त्याला जाऊन तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती आणि नाणी चालू होती. पुढे क्षत्रप नहपानाने चांदीची नाणी पाडली त्यावर ग्रीक अक्षरं आहेत, नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली त्याचा तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. पण गंमत अशी की नाशिकच्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात आपली दानं मोजतो ती 'कहापण' म्हणजे कार्षापणांत. नाणं यवनी धर्तीचं आणि नाव देशी. शब्द अजून आलेला नाही.

शब्द येतो तो उत्तरेकडून. मध्य आशियात निया नावाच्या ठिकाणी खरोष्ठी लिपीतल्या लाकडी पाट्या मिळाल्यात, तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या, तिथल्या व्यवहारांत 'त्रख्म' असं लिहिलंय, बरोबर 'सतेर' पण आहे म्हणजे स्तातेर हे ग्रीक नाणं. इराणमध्ये ससानी राजांचं चांदीचं नाणं 'द्रह्म', त्याचाच अरबीत दिरहम झाला, दुबईचा दिरहम तो हाच. अर्मेनियाचं आजचं चलन द्राम, तेही हेच. भारतात हूणांच्या मागोमाग ससानी नाण्यांच्या नकला सुरू झाल्या, त्या बिघडत बिघडत गधैया नाणी झाली, राजाचा चेहरा आणि अग्निवेदी ओळखू येणार नाही इतकी बिघडली, ही महाराष्ट्रात भरपूर सापडतात. आणि याच सगळ्या काळात उत्तरेकडच्या लेखांत द्रम्म दिसायला लागतो. म्हणून मला वाटतं आपला द्रम्म थेट ग्रीकांच्या तोंडून आला यापेक्षा इराणी वाटेने आला हे जास्त पटण्यासारखं आहे, ख्म चा म्म व्हायला मधे तो द्रह्म बरा पडतो.

मग द्रम्म चं प्राकृतात दम्म आणि पुढे दाम. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) सुरुवातीलाच कोष्टक आहे, २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क. शिलाहारांच्या कोकणातल्या लेखांत द्रम्म आहेत, मुंबईत परळला सापडलेल्या अपरादित्याच्या बाराव्या शतकातल्या लेखातसुद्धा. आणि याच भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे, वरचा भाग संस्कृत आणि शेवटचा मराठी. त्या मराठी भागात पाटणच्या बाजारात जो माल सुटेल त्यावर मठाला काय काय मिळायचं हे सांगताना 'दामाचा वीसोवा' असे शब्द आहेत. म्हणजे दामाचा विसावा भाग, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा. आजोबांच्या संस्कृत ग्रंथात द्रम्म आणि नातवाच्या मठासाठी कोरलेल्या मराठीत दाम, एकाच घरात दोन्ही रूपं! आठशे वर्षांपूर्वीचा बाजारातला शब्द जसाच्या तसा दगडावर आहे, चाळीसगावकडे गेलात तर हा लेख जरूर मनात ठेवा.

सह्यकडा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, दोघांचेही मनापासून आभार. जुनीनाणी, मग एका द्रख्मेची 'किंमत' किती धरायची? मजुरी एक द्रख्मे म्हणजे कोणाची? आणि पन्नासवालं व्याख्यान खरंच होतं का?

जुनीनाणी

होतं. प्रोडिकस नावाचा सोफिस्ट, म्हणजे फी घेऊन शिकवणारा पंडित, त्याचा विषयच शब्दांचे नेमके अर्थ. प्लेटोच्या क्राटिलस संवादात सॉक्रेटिस म्हणतो की मी त्याचं पन्नास द्रख्मेंचं व्याख्यान ऐकलं असतं तर शब्दांबद्दल सगळं सांगितलं असतं, पण मी ऐकलं ते एक द्रख्मेवालं. या धाग्यावर ते आठवणं साहजिकच आहे.

मजुरीचं म्हणाल तर सगळ्यात सुंदर पुरावा एरेख्थेइओनचा, अक्रोपोलिसवरचं ते देऊळ ज्याच्या सज्ज्याला खांबांऐवजी दगडी मुली उभ्या आहेत. त्याच्या बांधकामाचा हिशोब इ.स.पू. ४०९ ते ४०७ च्या सुमाराचा दगडावर कोरलेला आहे, माणसागणिक, नावानिशी. कोणी नागरिक, कोणी बाहेरून येऊन राहिलेला, कोणी गुलाम, एकाच खांबावर पन्हळ्या कोरतायत, आणि रोजाने काम करणाऱ्यांना दर दिवसाला एक द्रख्मे, सगळ्यांना सारखाच. गुलामाचा पैसा त्याच्या मालकाकडे जात असणार पण दर तोच. सिसिलीच्या स्वारीतल्या वल्हेकऱ्यांनाही दिवसाला द्रख्मे असं इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. न्यायसभेतल्या ज्युरीला त्या मानाने कमी, तीन ओबोल म्हणजे अर्धा. म्हणून म्हातारी माणसं तिकडे गर्दी करायची, अंगमेहनतीचं काम होत नाही त्यांना अर्धा रोज बसून मिळायचा. तत्त्वज्ञ अॅनाक्सागोरसची पुस्तकं बाजारात फार तर एका द्रख्मेला मिळतात असं सॉक्रेटिस खटल्यात म्हणतो, आणि त्याच खटल्यात आधी दंड म्हणून एक मिना देऊ करतो (१०० द्रख्मे), मग मित्र जामीन राहतात तेव्हा तीस मिना. त्याच्या वरचं माप तालांत, ६० मिनांचा एक.

हे शंभर आणि साठ का, असं कोणी विचारायच्या आधी सांगतो, मिना हा शब्द ग्रीक नाही, सेमिटिक आहे, मेसोपोटेमियाचा 'मनू', आणि साठाचा हिशोब तिकडचाच. म्हणजे कोष्टकात वरचे टप्पे पूर्वेकडून घेतले आणि खालचे दोन, सळई आणि मूठ, घरचे.

वजन सांगायचं राहिलं, अथेन्सचा द्रख्मे साधारण ४.३ ग्रॅम चांदी आणि घुबडाचं प्रसिद्ध नाणं चार द्रख्मेंचं, १७ ग्रॅमच्या आसपास. मग ओबोल किती झाला बघा, पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी, डाळीच्या दाण्याएवढा. अथेन्सचे लोक ती नाणी गालात ठेवून बाजारात फिरत, अॅरिस्टोफेनिसच्या नाटकात ज्युरी म्हातारा घरी येतो तेव्हा लाडकी लेक 'बाबा बाबा' करत पापा घेते आणि जिभेने ते तीन ओबोल काढून घेते! कधीकाळी जी सव्वा मीटरची सळई होती ती आता गालात मावते, पण नाव सळईच.

रानपाखरू

गालातल्या ओबोलचं माहीत नव्हतं. मेलेल्याच्या तोंडात परलोकाची नदी पार करून देणाऱ्या नावाड्यासाठी ओबोल ठेवत तेही मग यातूनच सहज आलं असेल, पैसे ठेवायची जागाच ती. चलनाबद्दल तुमचं 'माप' हे म्हणणं पटलं, माझा आक्षेप 'नाण्यासारख्या फिरत' एवढ्यापुरताच होता, तो तेवढा कायम ठेवतो. प्लुटार्कने सांगितलं म्हणून तेवढं मान्य करायला मन तयार होत नाही.

मावळतीचा_वारा

लिपीवेडी ताई, काळाचा मुद्दा समजला, धन्यवाद. मग 'साम दाम दंड भेद' मधला दाम पण ग्रीक का? आणि दामोदर?

लिपीवेडी

दामोदर नाही. तिथे दामन् म्हणजे दोरी, यशोदेने पोटाला बांधलेली, तो अस्सल संस्कृत आणि पूर्ण वेगळा शब्द. काही जण नाण्यांच्या माळेवरून दाम असं जुळवतात, पण पाटणच्या लेखातला दाम आणि लीलावतीतला द्रम्म यांच्यात दोरीला जागा नाही.

साम दाम चं मात्र मजेशीर आहे. संस्कृत राजनीतीच्या ग्रंथांत चार उपाय साम, दान, भेद, दंड असे आहेत, 'दान'. लोकांच्या तोंडी दानाचा दाम झाला कारण अर्थ तोच निघतो, पैसे देऊन काम साधणं, आणि साम-दाम असा कानाला जमतोही. म्हणजे कौटिल्याच्या सूत्रात आपण नकळत एक यवनी शब्द बसवलाय.

आणि आपल्याकडे शब्दाची घसरणही झाली बरं का. द्रम्म चांदीचा होता, अकबराच्या काळी दाम तांब्याचा, ४० दामांचा एक रुपया. दामाचा आठवा भाग दमडी, 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' मधली. मग नाणं गेलं आणि दाम म्हणजे नुसती किंमत उरली. दामदुप्पटचं विचारलं होतं म्हणून, ते नुसतं बोलण्यातलं नाही, व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही हा जुना हिंदू कायद्यातला नियम 'दामदुपट' याच नावाने मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत चालत होता, कूळ-सावकारांचे निवाडे त्यावर झालेत.

सह्यकडा

मुद्दाम विचारतो, ग्रीसमध्ये तरी शेवटपर्यंत राहिला का हा शब्द?

जुनीनाणी

सलग नाही. मधे रोमन, बायझंटाइन, ऑटोमन नाणी आली. स्वतंत्र ग्रीसने आधी फिनिक्स नावाचं चलन काढलं आणि १८३२ मध्ये जुनं नाव मुद्दाम परत आणलं. मग २००१ मध्ये युरो, ३४०.७५० द्रख्मेंना एक या दराने, आणि २००२ पासून हातात युरोच्या नोटा. आताचे ग्रीक त्याचा उच्चार 'ध्राख्मी' असा काहीसा मऊ करतात. युरोच्या ग्रीक नाण्यांत एक युरोच्या मागच्या बाजूला मात्र अथेन्सचं तेच घुबड आहे, जुन्या चार द्रख्मेंवरचं, कोणी ग्रीसला जाऊन आलेलं ओळखीत असेल तर मागून बघा.